'आय लव्ह ल्युसी' आणि मंडळी: जुन्या विनोदी मालिका आज बघवतात का?

मृद्गंध

हल्ली रात्रीची जेवणं आटोपली की आम्ही मायलेकी 'आय लव्ह ल्युसी'चा एक भाग लावतो. १९५१ साली अमेरिकेत सुरू झालेली, कृष्णधवल मालिका. माझी लेक सातवीत आहे. तिला तीन वर्षांपूर्वीचा सिनेमाही 'जुना' वाटतो. तरी ती खो खो हसते. चॉकलेटच्या कारखान्याचा भाग तर संपल्या संपल्या परत लावायला लावला. पट्ट्यावरून चॉकलेटं येतायत, कागदात गुंडाळायला वेळ पुरत नाही, मग तोंडात कोंब, टोपीत कोंब, कपड्यांच्या आत कोंब. भाषा नाही कळली तरी चालेल.

पण मध्येच काहीतरी खटकतं. ल्युसीला टोपी हवी असेल तर नवऱ्याच्या नाकदुऱ्या काढायच्या. घरखर्चाचा हिशोब चुकला की नवरा लहान मुलीला झापावं तसं झापतो. एका भागात हा नवरा, रिकी, तिला चक्क मांडीवर पालथं घालून फटके मारतो आणि प्रेक्षक हसतात. लेकीने विचारलं, "यात हसण्यासारखं काय आहे?"

तर विचारायचं होतं, या मालिका तुमच्यापैकी कोण बघतं? आज त्या बघवतात का? 'तेव्हाचा काळच तसा होता' म्हणून पुढे जायचं की आणखी काही? आणि त्याच सुमाराचं, तिच्याबरोबर बसून बघण्यासारखं दुसरं काय आहे?

उगाचच

पहिला! आता धागा वाचतो.

कोकणकन्या

छान विषय. चॉकलेटचा भाग मी आईला दाखवला होता. तिला इंग्रजी जेमतेम कळतं, पण डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली.

जाता जाता, त्यात ल्युसीशेजारी बसून दगडासारख्या चेहऱ्याने चॉकलेटं बुडवणारी जी बाई आहे, ती नटी नव्हेच. चॉकलेट कारखान्यात तेच काम करणारी खरीखुरी कामगार होती ती. दोघींची जुंपते तेव्हा तिने ल्युसीच्या तोंडावर हाणलेला फटका खराच बसला होता असं सांगतात.

खडूस_खारीक

मी बऱ्यापैकी भाग पाहिलेत, म्हणून बोलतो. साचा एकच. ल्युसीला नवऱ्याच्या कार्यक्रमात स्टेजवर जायचंय, रिकी नको म्हणतो, ती काहीतरी उपद्व्याप करते, पितळ उघडं पडतं, ती भोकाड पसरते, रिकी स्पॅनिशमध्ये तोंडाचा पट्टा सोडतो, मिठी, समाप्त. असे १८० भाग!

आणि तुमच्या लाडक्या चॉकलेटच्या भागात तरी काय सांगितलंय? बायका कारखान्यात नापास, नवरे स्वयंपाकघरात नापास, तेव्हा सगळ्यांनी गुमान आपापल्या जागी परत जावं. मुलीला जरूर दाखवा. फक्त 'निर्मळ विनोद' असं लेबल लावून दाखवू नका.

शेवंता

खारीकराव आले, आता धागा शंभरी गाठणार. मी चहा टाकून येते.

अटलांटिकपार

खारीक, पडद्यावरचं तुमचं म्हणणं मान्य. पण पडद्यामागे काय चाललं होतं तेही बघायला हवं.

ल्युसीचं काम करणारी ल्युसील बॉल तोवर चाळिशीला टेकलेली. सिनेमात वीसेक वर्षं घासून पहिल्या रांगेत काही पोचली नव्हती, 'बी चित्रपटांची राणी' म्हणायचे तिला. रेडिओवर मात्र 'माय फेवरेट हजबंड' हा तिचा कार्यक्रम चांगला चालत होता. सीबीएस या प्रसारण कंपनीला तो टीव्हीवर आणायचा होता. तिने अट घातली की नवऱ्याच्या भूमिकेत माझा खरा नवराच हवा. हा नवरा म्हणजे देसी आर्नाझ. क्युबातल्या सांतियागोचा, बड्या घरचा मुलगा. १९३३ च्या उलथापालथीत वडील तुरुंगात, घरदार गेलं, हा मायामीत येऊन पक्ष्यांचे पिंजरे साफ करत होता. पुढे बँडवाला म्हणून नाव झालं. सीबीएसचं म्हणणं पडलं की असल्या हेल काढून इंग्रजी बोलणाऱ्या माणसाची बायको गोरी अमेरिकन बाई, हे लोकांच्या गळी उतरणार नाही. मग १९५० मध्ये दोघांनी गावोगावच्या थिएटरांत जोडीने कार्यक्रम केले. लोकांना काही अडचण नव्हती. अडचण साहेबांनाच होती.

पुढची मारामारी आणखी मजेशीर आहे. फिलिप मॉरिस ही सिगारेट कंपनी प्रायोजक. त्यांचा हट्ट, की कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट व्हावा, कारण बहुतेक टीव्ही संच पूर्वेकडे. पश्चिमेला त्याचं किनेस्कोप जायचं. या दोघांना हॉलिवूड सोडायचं नव्हतं. देसी म्हणाला, आम्ही सिनेमासारखं फिल्मवर चित्रित करतो, म्हणजे देशभर एकसारखं स्वच्छ दिसेल. फिल्मचा खर्च जास्त. तेव्हा दोघांनी आपला पगार कमी करून घेतला आणि बदल्यात त्या फिल्मची मालकी मागितली. सीबीएसने देऊन टाकली. एकदा दाखवून झालेल्या मालिकेला पुन्हा कोण विचारणार, असा तेव्हाचा हिशोब!

प्रश्नचिन्ह

किनेस्कोप म्हणजे नक्की काय?

टेपवाला

प्रश्नचिन्ह, व्हिडिओ टेप बाजारात यायच्या आधीची गोष्ट आहे. थेट प्रक्षेपण चालू असताना टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्म कॅमेरा लावून तेच चित्रित करायचे. जुने किनेस्कोप बघा, सगळं धुरकट, कडा पसरलेल्या. 'ल्युसी' आज एवढी टवटवीत दिसते ती ३५ मिमी फिल्ममुळे.

आणि कॅमेरामन कोण, तर कार्ल फ्रॉइंड. जर्मनीत 'मेट्रोपोलिस' चित्रित करणारा, 'द गुड अर्थ'साठी ऑस्कर मिळवलेला. त्याला सांगितलं, तीन कॅमेरे एकाच वेळी चालणार, समोर तीनेकशे प्रेक्षक बसणार, नाटकासारखं सलग खेळायचं. सिनेमात दर शॉटला दिवे हलवतात. इथे ते शक्यच नाही, कारण एका कॅमेऱ्यासाठी लावलेला दिवा दुसऱ्याच्या चौकटीत येणार. त्याने बहुतेक दिवे वर टांगून सेटभर सारखा उजेड पसरवला, त्यामुळे नट कुठेही फिरो, कॅमेरे खाली मोकळे. अनेक कॅमेरे लावून कार्यक्रम करणं आधीही होतं, पण फिल्मवर, प्रेक्षकांसमोर, एवढ्या सफाईने विनोदी मालिका करण्याची घडी इथे बसली. पुढे 'चिअर्स', 'फ्रेंड्स' सगळे त्याच वाटेने गेले.

हसण्याबद्दलही सांगतो, कारण कोणीतरी विचारेलच. 'ल्युसी'तलं हसू समोर बसलेल्या प्रेक्षकांचं आहे. ल्युसीची आई चित्रीकरणाला हजर असायची. लेक काही उद्योग करायला निघाली की मागून एक 'अं-ओ' ऐकू येतं, ते तिचं. डबाबंद हशा वेगळा. चार्ली डग्लस नावाच्या ध्वनितंत्रज्ञाने त्याच काळात एक पेटी बनवली. खटके दाबले की हवं तसं हसू, खुदकन ते गडगडाट. साठच्या दशकात तिने उच्छाद मांडला. 'मॅश' या मालिकेच्या निर्मात्यांना ते हसू नकोच होतं, शेवटी निदान शस्त्रक्रियेच्या दृश्यांत तरी ते नाही एवढं पदरात पाडून घेतलं.

खडूस_खारीक

> बदल्यात त्या फिल्मची मालकी मागितली

म्हणजे मालकीणबाई चित्रीकरण संपल्यावर चेकवर सह्या करणार, आणि पडद्यावर टोपीसाठी नवऱ्यापुढे हात पसरणार. हे तर जास्तच वाईट झालं की!

शेवंता

हसून हसून पुरेवाट. याला उत्तर नाही कोणाकडे.

कायदेकानू

याच मालकीचं पुढे काय झालं ते सांगतो, कारण माझ्या मते या मालिकेतलं खरं थरारनाट्य तेच.

दोघांची कंपनी देसीलू. 'ल्युसी'चे हक्क त्यांनी सीबीएसलाच काही दशलक्ष डॉलरला परत विकले. १९५७ मध्ये आरकेओ स्टुडिओ विकत घेतला. याच आरकेओत ल्युसील एके काळी पगारी नटी होती. १९६० मध्ये घटस्फोट. देसीचं पिणं आणि बाहेरख्यालीपणा हॉलिवूडभर माहीत होता, पण धंद्याची अक्कल त्याचीच होती हेही तितकंच खरं. १९६२ मध्ये तिने त्याचा हिस्सा सुमारे २५ लाख डॉलरला विकत घेतला आणि एका मोठ्या स्टुडिओची प्रमुख झाली. असं करणारी ती पहिलीच बाई. संचालक मंडळ खर्चाला बिचकत असताना तिने 'स्टार ट्रेक'च्या पाठीशी उभं राहायचं ठरवलं. 'मिशन इम्पॉसिबल'ही देसीलूचीच. १९६७ मध्ये कंपनी १ कोटी ७० लाखांना विकली.

दुसरी गोष्ट करार नीट वाचणाऱ्यांसाठी. त्याच काळातल्या 'द हनीमूनर्स' या विनोदी मालिकेतली बायको ॲलिस, म्हणजे ऑड्री मेडोज. तिचा भाऊ वकील. त्याने करारात कलम घातलं की भाग पुन्हा दाखवले तर दर वेळी पैसे मिळावेत. बाकी नटांपैकी कुणालाही हे सुचलं नाही. मालिका पुढे दशकानुदशकं दाखवली गेली. भाऊ असावा तर असा.

रांगडा_गडी

'हनीमूनर्स'चं नाव निघालं म्हणून आलो. लई भारी मालिका. ल्युसीपेक्षा मला तीच आवडते.

ल्युसीचं घर कसं, नवरा क्लबात गातो, सेलिब्रिटी येऊन जातात, युरोपची ट्रिप हुती. इकडं राल्फ क्रॅमडेन ब्रुकलिनात ऱ्हातो, बस चालवतो, आठवड्याला ६२ डॉलर. घर म्हंजे एकच खोली दिसते आपल्याला. एक टेबल, एक कपाट, बर्फाची पेटी, खिडकीतनं भित्ताड. फोन न्हाई, टीव्ही न्हाई. वरच्या मजल्यावर नॉर्टन, गटारात काम करणारा. राल्फच्या डोक्यात कायम श्रीमंत व्हायची आयडिया, आणि दर येळंला गडी तोंडावर पडतो. पहिल्याच भागात दोघं वर्गणी काढून टीव्ही घेतात आणि त्यावरनं भांडतात. आमचे मामा एस.टी.त ड्रायवर हुते. त्यास्नी हे दाखवलं असतं तर म्हणले असते, ह्यो तर आमच्या डेपोतलाच.

राल्फचं काम करणारा जॅकी ग्लीसन स्वतः ब्रुकलिनच्या गरिबीत वाढला. बाप एक दिवस घर सोडून गेला तो परत आलाच न्हाई, आई पोरगा विशीत यायच्या आत वारली. मालिकेतला चॉन्सी स्ट्रीटचा पत्ता त्याच्या खऱ्या घराचा. ते घर त्यानं डोळ्यांनी बघितलेलं हाय, म्हणून ते सेट वाटत न्हाई.

मृद्गंध

रांगडा_गडी, पण हाच ना तो, जो बायकोला मूठ दाखवून "एक दिवस थोबाड फोडून चंद्रावर पाठवीन" म्हणतो? मी फटक्यांवरून धागा काढला आणि तुम्ही मला मूठवाला दाखवताय. (दिवे घ्या.)

रांगडा_गडी

व्हय, तोच. पण ताई, ॲलिसकडं बघा की. ती घाबरती का? हाताची घडी घालून उभी ऱ्हाती, आणि एक वाक्य असं मारती की गडी गप्पगार. फुग्यातली हवा कोण काढणार हे सगळ्यांस्नी माहीत असतं. हात त्यानं एकदाबी उचलला न्हाई, आणि शेवटी माफी मागणार त्योच. "बेबी, यू आर द ग्रेटेस्ट."

खडूस_खारीक

धमकी ती धमकीच. शेजारच्या बिऱ्हाडातून असा आवाज आला तर आपण टाळ्या वाजवू का?

शेवंता

या मुद्द्यावर मी खारकांच्या बाजूने अर्धी आणि रांगड्याच्या बाजूने अर्धी.

लिहिलंय ते वाचलं तर भयानक आहे. पण लेखकांचे शब्द वेगळे आणि ऑड्री मेडोजने त्यांचं जे केलं ते वेगळं. तिच्या निवडीचा किस्सा ऐका. ग्लीसनने तिला बघितलं आणि म्हणाला, फार देखणी आणि तरुण आहे, बस ड्रायव्हरची थकलेली बायको वाटणार नाही. तिने दुसऱ्या दिवशी सकाळी विस्कटलेल्या केसांनी, रंगरंगोटी न करता, जुन्या कपड्यांत फोटो काढून घेतले आणि पाठवले. ग्लीसनने फोटो बघून विचारलं, ही कोण, हीच हवी! तर अशी बाई. राल्फ आरडाओरडा करतो तेव्हा ती मध्ये बोलतच नाही. थांबते. त्याचा दम संपू देते. त्या थांबण्यात सगळा विनोद आहे, आणि त्या घरात कोणाचं चालतं हेही.

रिकी आणि ल्युसीत मला ते दिसत नाही. तिथे ती खरोखर घाबरते. मृद्गंधच्या लेकीला नेमकं तेच टोचलं असणार.

अटलांटिकपार

शेवंता, +१. 'थांबते' हे अगदी बरोबर टिपलंत.

मी बरीच वर्षं न्यू जर्सीहून बसने मॅनहॅटनला नोकरीसाठी जायचो. पोर्ट ऑथॉरिटी बस टर्मिनलच्या बाहेर राल्फ क्रॅमडेनचा पुतळा आहे, बस ड्रायव्हरच्या गणवेशात, हातात जेवणाचा डबा. माझ्याबरोबरच्या मराठी मंडळींना तो कोणी तरी खरा कामगार पुढारी वाटायचा. ब्रुकलिनमधल्या एका बस डेपोलाही जॅकी ग्लीसनचं नाव आहे. काल्पनिक ड्रायव्हरच्या पुण्याईवर खऱ्या डेपोला नाव, असं दुसरीकडे कुठे पाहिलं नाही.

आणि एवढं सगळं अवघ्या ३९ भागांच्या जोरावर! १९५५-५६ चा तो एक हंगाम. ग्लीसनला तालमीचा कंटाळा. तो स्वतः तालीम टाळायचा, बाकीचे बिचारे त्याच्यावाचून करायचे. आयत्या वेळी वाक्य विसरला की पोटावर हात फिरवायचा. ती खूण होती, की बाबांनो, आता तुम्ही सांभाळा. नॉर्टनचं काम करणारा आर्ट कार्नी अशा वेळी काहीतरी खुसपट काढून वेळ मारून न्यायचा. लिहायला बसला की आधी हात झटकून, बोटं मोडून, बाह्या सरसावून राल्फचा जीव खाणारा तो नॉर्टन आठवतोय ना? कार्नी नॉर्मंडीच्या लढाईत पायाला जखम झाल्याने जरा लंगडायचा, तेही चालण्यात बेमालूम मिसळून गेलंय. पुढे 'हॅरी अँड टॉन्टो'साठी ऑस्कर मिळालं त्याला.

उगाचच

पुतळ्यांचं निघालंच आहे तर ल्युसीच्या गावाजवळ तिचा जो पुतळा बसवला होता त्याचे फोटो शोधा. लोक त्याला 'भीतिदायक ल्युसी' म्हणायचे. एवढी ओरड झाली की २०१६ मध्ये नवा बसवावा लागला. रात्री एकट्याने बघू नये.

प्रश्नचिन्ह

बघितला. आता झोप येत नाहीये. धन्यवाद.

कोकणकन्या

एथेल आणि फ्रेडबद्दल कोणीच कसं बोलत नाही? घरमालक नवरा-बायको, ल्युसी-रिकीच्या खालोखाल त्यांच्याच जिवावर मालिका चालते. व्हिव्हियन व्हॅन्स आणि विल्यम फ्रॉली. प्रत्यक्षात दोघांचं अजिबात पटायचं नाही. तो तिच्यापेक्षा बावीस वर्षांनी मोठा, तिचं म्हणणं हा माझा बाप शोभेल, नवरा कसला. हे त्याच्या कानावर गेलं आणि कायमचं बिनसलं. पण दोघांचे टोमणे पडद्यावर इतके खरे का वाटतात याचं उत्तर त्यातच आहे. नंतर फक्त या जोडीला घेऊन वेगळी मालिका काढायचा बेत झाला, पैसेही बरे होते. फ्रॉली तयार, व्हॅन्सने साफ नकार दिला.

तिला करारानेच जाड राहावं लागायचं असं बऱ्याच ठिकाणी छापतात, ती दंतकथा. ल्युसीने गंमत म्हणून दिलेल्या खोट्या कराराची ती गोष्ट आहे.

अजून एक, खारकांसाठी खास. लेखकांच्या चमूत मॅडलिन प्यू ही बाई पहिल्यापासून होती. कुठलाही शारीरिक उपद्व्याप ल्युसीला देण्याआधी ती स्वतः करून बघायची, बाईमाणसाला जमतंय ना, लागत नाही ना म्हणून. हे सगळं पुरुषांनी बसून लिहिलेलं नाही.

खडूस_खारीक

बाईने लिहिलं म्हणजे बाईच्या बाजूचं होतं, हा हिशोब मला मान्य नाही. पण ही माहिती नवीन होती. घेतली.

लंडनवासी_तात्या

अमेरिकेचंच कौतुक चाललंय, म्हणून इकडची हजेरी लावतो. त्याच काळात बीबीसीवर टोनी हॅनकॉक होता. 'हॅनकॉक्स हाफ आवर' आधी रेडिओवर, १९५६ पासून टीव्हीवर. लेखक गाल्टन आणि सिम्प्सन. ढासळत्या घरात राहणारा, स्वतःला फार मोठा समजणारा, जगाने आपल्यावर अन्याय केलाय अशी ठाम समजूत असलेला माणूस. ल्युसीसारखी पडापडी नाही, चॉकलेट नाही, नुसती कुरकुर. १९६१ चा 'द ब्लड डोनर' हा भाग बघाच. रक्तदान करायला जातो आणि एवढं रक्त घेतात हे कळल्यावर हबकतो. रक्ताचा गट दुर्मिळ निघाला म्हणून छाती फुगते ती वेगळीच. त्याच्या थोडं आधी त्याला मोटार अपघात झाला होता, पाठांतर जमेना, म्हणून वाक्यं लिहिलेले फलक वाचून त्याने तो केला. नजर बघा, समोरच्या नटाकडे नसते. तरीही तो भाग अजरामर.

पुढे त्याने एकेक सोबती दूर केला. आधी सहकलाकार सिड जेम्स, मग लेखक. १९६८ मध्ये ऑस्ट्रेलियात आत्महत्या केली. सोडलेले लेखक तोवर 'स्टेप्टो अँड सन' लिहून मोकळे झाले होते. भंगारवाला बाप आणि त्याला सोडून जाऊ बघणारा, पण जाऊ न शकणारा मुलगा. बापाचं काम करणारा नट मुलापेक्षा फक्त तेरा वर्षांनी मोठा होता! लोकप्रियता अशी, की १९६४ च्या निवडणुकीत मजूर पक्षाच्या हॅरल्ड विल्सनने बीबीसीकडे तक्रार केली. मतदानाच्या संध्याकाळी 'स्टेप्टो' लावलंत तर आमचे मजूर मतदार घरातून हलायचे नाहीत. बीबीसीने कार्यक्रम पुढे ढकलला. विल्सन जेमतेम बहुमताने निवडून आला.

टेपवाला, तुमच्या मुद्द्याला जोडून सांगतो. बीबीसीने त्या काळच्या शेकडो टेपा पुसून पुन्हा वापरल्या, कारण टेप महाग. हॅनकॉकचे कितीतरी भाग कायमचे गेले. देसी आर्नाझसारखा मालकीचा हट्ट धरणारा कोणी इथे नव्हता.

भाऊसाहेब_निवृत्त

तात्या, पुसलेल्या टेपांचं नाव काढलंत आणि जखमेवर मीठ चोळलंत. आमच्या मुंबई दूरदर्शनचीही तीच कथा. सत्तरच्या दशकात चि. वि. जोशींचा चिमणराव दूरदर्शनवर आला, दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. चाळीत एकाच्याच घरी टीव्ही, आणि त्या संध्याकाळी त्याच्या घरात पाय ठेवायला जागा नसे. आज बघू म्हटलं तर मिळतं कुठे? तेव्हा टेपवर टेप चढवत होते.

राल्फ-नॉर्टनचं वर्णन वाचताना मला हीच जोडी दिसत होती. एक भित्रा आणि बढाईखोर, दुसरा धिप्पाड आणि बिनडोक धीराचा.

रांगडा_गडी

भाऊसाहेब, उलटं बसतंय. राल्फच धिप्पाड हाय. पण भावना पोचली!

खडूस_खारीक

चिमणरावात त्याची बायको काऊ होती. तिच्यावर कोणी मूठ उगारली नाही आणि विनोद अडला नाही, एवढं नोंदवून ठेवतो.

मृद्गंध

वा, हे बरोबर पकडलंत.

कोकणकन्या

आणि ल्युसीच्या बाळंतपणाबद्दल? टीव्हीवरची पहिली गरोदर बाई. 'प्रेग्नंट' हा शब्द उच्चारायला सीबीएसची बंदी, 'एक्स्पेक्टिंग' म्हणायचं. संहिता एक कॅथलिक पाद्री, एक प्रोटेस्टंट आणि एक ज्यू धर्मगुरू तपासायचे. १९ जानेवारी १९५३ ला पडद्यावर बाळ झालं आणि त्याच दिवशी ल्युसीलला सिझेरियनने खरा मुलगा झाला. साडेचार कोटींच्या आसपास लोकांनी तो भाग पाहिला. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरचा शपथविधी होता, त्याला एवढे प्रेक्षक मिळाले नाहीत.

वाचनमात्र

बरेच दिवस नुसता वाचतोय, आज लिहितो.

कोकणकन्या, 'पहिली' नव्हे. अमेरिकेतली पहिली विनोदी मालिका 'मेरी के अँड जॉनी', १९४७ ची. खऱ्या आयुष्यातलंच जोडपं, एकाच पलंगावर झोपायचं (ल्युसी-रिकीचे पलंग वेगळे!), आणि १९४८ मध्ये त्या बाईचं बाळंतपणही मालिकेत आलं होतं. पण ती थेट दाखवली जायची, म्हणून जवळपास काहीच उरलं नाही. उरलं ते पहिलं ठरतं.

मला लिहायचंय ते मात्र गर्ट्रूड बर्गबद्दल. 'द गोल्डबर्ग्ज', टीव्हीवर १९४९ पासून. ब्राँक्समधलं ज्यू कुटुंब, खिडकीतून शेजारणींशी गप्पा मारणारी मॉली. लिहिणारी तीच, काम करणारीही तीच, सगळा कारभार तिचा. सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पहिला एमी (टीव्हीचा पुरस्कार) तिला मिळाला. मग तिच्या नवऱ्याचं काम करणारा फिलिप लोएब डाव्या विचारांचा म्हणून काळ्या यादीत गेला. प्रायोजक म्हणाले, त्याला काढा. ती अडून बसली. प्रायोजक गेला, मालिका बंद पडली. पुढे ती दुसरीकडे चालू झाली ती लोएबशिवाय. १९५५ मध्ये लोएबने जीव दिला.

आता ल्युसीलकडे बघा. १९३६ मध्ये आजोबांच्या आग्रहाने तिने कम्युनिस्ट म्हणून मतदार नोंदणी केली होती. १९५३ मध्ये ते बाहेर आलं. देसीने चित्रीकरणाच्या आधी प्रेक्षकांसमोर येऊन सांगितलं, की ल्युसीत लाल काही असेल तर फक्त केस, आणि तेही अस्सल नाहीत. लोक हसले आणि प्रकरण मिटलं. एकाच देशात, दोन-तीन वर्षांच्या अंतराने. ल्युसी एवढी लोकप्रिय होती की तिला हात लावणं कुणाला परवडणारं नव्हतं. लोएबचं तसं नव्हतं.

टेपवाला

वाचनमात्र, असे प्रतिसाद देत असाल तर आयडी बदला.

शेवंता

लोएबचं माहीत नव्हतं. सुन्न.

मृद्गंध

किती काय काय आलं धाग्यावर. सगळ्यांचे आभार.

मूळ प्रश्नाबद्दल माझं असं ठरतंय, की फटक्यांचे भाग गाळायचे नाहीत. लेकीने प्रश्न विचारला तो त्या भागामुळेच. पण मालकी, पगार, लेखिका वगैरे तुम्ही सांगितलेलं तिला सांगितलं. तिचा पुढचा प्रश्न: "मग तिने स्वतःच्या मालिकेत स्वतःला ते मारणं कसं चालवून घेतलं?" खारीक, तुमचीच नात शोभेल.

आता यादी सांगा ना कोणीतरी.

खडूस_खारीक

पोरगी हुशार आहे. तिला म्हणावं, याचं उत्तर मीही शोधतोय.

अटलांटिकपार

यादी अशी: ल्युसीत औषधाच्या जाहिरातीचा भाग. घोटाघोटाने तिला चढत जाते आणि औषधाच्या नावाचा उच्चार बिघडत जातो. दर वेळी किती बिघडला हे मोजण्यासारखं आहे. इटलीत द्राक्षं तुडवण्याचा. विनोदी नट हार्पो मार्क्सबरोबर आरशाचा. मग 'द डिक व्हॅन डाइक शो', १९६१ ते ६६. तिथे नवरा-बायको एकमेकांशी माणसांसारखं बोलतात. बायकोचं काम करणारी मेरी टायलर मूर घरात स्कर्टऐवजी पँट घालून वावरते, यावरसुद्धा प्रायोजकांची कुरकुर झाली होती. लेकीला हे नक्की पटेल.

रांगडा_गडी

'हनीमूनर्स'मधला गोल्फ शिकायचा भाग. चेंडूला 'ॲड्रेस' करा म्हणल्यावर नॉर्टन चेंडूला "हॅलो, बॉल" म्हणतो. बास.

लंडनवासी_तात्या

हॅनकॉक बारा-तेराव्या वर्षी कंटाळवाणा वाटेल. चाळिशीनंतर बघा.

कोकणकन्या

'द अँडी ग्रिफिथ शो' राहिला. छोट्या गावचा शेरीफ, आई नसलेला मुलगा, आणि बार्नी फाइफ, ज्याला एकच गोळी मिळते आणि तीही खिशात ठेवायची. डॉन नॉट्सला या भूमिकेसाठी पाच एमी मिळाले. फक्त एक सूचना: कृष्णधवल भागच बघा. रंगीत सुरू झाले तोवर नॉट्स मालिका सोडून गेला होता, मधूनमधून पाहुणा म्हणून येतो तेवढंच.

प्रश्नचिन्ह

एकच गोळी का?

कोकणकन्या

एखादा भाग बघा, कळेल. त्याच्या हातात भरलेलं पिस्तूल तुम्हीही दिलं नसतं.